लाइट जायच्या आत

आमच्या टीव्ही गेमला ‘सेव्ह’ नव्हतं. ऑफिसात ज्युनियर पोरांना हे सांगितलं की ती विचारतात, मग गेम संपवायचे कसे? एका बैठकीत. आणि हरसूलमध्ये एका बैठकीत म्हणजे लाइट जायच्या आत.

बाबांनी तो करडा डबा नाशिकहून आणला तेव्हा मी तिसरीत होतो. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात फॅमिकॉम काढला, त्याची ही नक्कल. आपल्याकडे त्या नकला वीस वर्षांनंतरही धडाक्यात खपत होत्या. पिवळी कॅसेट, तिच्यावर ‘९९९९ इन १’. खरे गेम मोजून पंचवीस-तीस, बाकी तेच फिरून फिरून. पण त्या फसवणुकीतही एक सोय होती. कुठल्यातरी नंबरावर मारिओ थेट पुढच्या वर्ल्डपासून सुरू व्हायचा. तो नंबर पाठ असणं हीच आमची सेव्ह फाइल. (कॅसेटला फुंकर मारायचात ना तुम्हीपण? तिचा काही उपयोग नव्हता. कॅसेट काढून परत बसवल्यामुळे गेम चालायचा. फुंकरीतल्या दमटपणाने पिना उलट खराब व्हायच्या.)

फॅमिकॉमची मुख्य मेमरी २ किलोबाइट. हा लेख तिच्यात मावणार नाही. तुमचे उरलेले जीव, स्कोअर, कुठल्या स्टेजला आहात, सगळं त्यात, आणि तेही वीज असेपर्यंतच. १९८७ साली अमेरिकेत ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची कॅसेट आली, तिच्यात एक छोटी बॅटरी होती. डबा बंद केला तरी ती बॅटरी कॅसेटमधली मेमरी जिवंत ठेवायची. आमच्या पिवळ्या कॅसेटीत असली चैन कुठून असणार?

त्यात ती वर्षं लोडशेडिंगची. पावसाळ्यात तर वेळापत्रकही नको, तारेवर फांदी पडली की दोन-दोन दिवस अंधार. घरात सगळ्यात चांगलं खेळायची ताई, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. ‘कॉन्ट्रा’त मी पहिल्या जंगलातच तिन्ही जीव घालवायचो. ती तिसऱ्या स्टेजच्या धबधब्यावर उड्या मारत चढायची तेव्हा शेजारची पोरं दारात उभी राहून बघायची. पण दुपारी लाइट यायची तेव्हा ती कॉलेजात. ती घरी आली की जेमतेम तास मिळायचा, मग पाणी भरायचं, मग भाकरी. कॉन्ट्राच्या आठ स्टेज आहेत. ती सहावीपर्यंत गेलेली मला आठवते. तिथे एकदा लाइट गेली आणि एकदा आईने हाक मारली.

एस. वाय.ला असताना तिचं लग्न झालं, ती पेठला गेली. कॉलेज सुटलं. मी इंजिनीअर होऊन पुण्यात आलो.

गेल्या मे महिन्यात भाच्यासाठी एक हँडहेल्ड घेऊन गेलो. तळहाताएवढं यंत्र, आत सगळे जुने गेम. कुठेही थांबा, एक बटण दाबा, सेव्ह. मेलात तर दहा सेकंद मागे जा. भाच्याने अर्ध्या तासात कॉन्ट्रा संपवला आणि मला म्हणाला, “मामा, सोपा आहे की!” ताईने हात पदराला पुसले आणि यंत्र मागून घेतलं. धबधब्यावर पडली. पुन्हा पहिल्या जंगलापासून. पुन्हा पडली.

“आई, सेव्ह कर ना!”

“थांब रे. हात बसू दे.”

तिचा खरा गेम त्या आठवड्यात फोनवर चालू होता. बी. ए. बाहेरून पूर्ण करायची म्हणून ती ऑनलाइन अर्ज भरत होती. नाव, पत्ता, मार्क, जुन्या कॉलेजचा दाखला, आणि मग ओटीपी. रेंज फक्त माडीच्या खिडकीत. ओटीपी येईपर्यंत पान कोरं व्हायचं, की परत नावापासून सुरुवात. असं तीनदा झालं. गंमत म्हणजे माझ्या टीममध्ये माझं काम नेमकं हेच आहे: नेट गेलं तरी भरलेली माहिती फोनमध्येच राहील आणि नेट आलं की पुढे जाईल असं करणं. अवघड नाही ते. हा विषय मीटिंगमध्ये निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “आता नेट सगळीकडे आहे, ही केस फार कमी लोकांची.” आता मी वाद घालत नाही. ते काम यादीत वर सरकवतो आणि करून टाकतो.

चौथ्यांदा ताई रात्री अकराला खिडकीत बसली. मी शेजारी टॉर्च धरून. सगळं वहीत लिहून ठेवलं होतं तिने, बघून भराभर टाइप करत गेली. या वेळी ओटीपी आला, पान टिकलं. पुढे फोटो मागितला, ५० केबीच्या आत. ‘सुपर मारिओ’चा अख्खा गेम ४० केबीचा होता, मी सांगितलं. तिने ऐकलं नाही बहुतेक. मी फोटो लहान करून दिला, तर ती स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली.

“अरे, यात मी ओळखू येईन ना?”