दोन पडदे

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आमचे सौसर येते. येथे काका घरांचे ठेके घेतात, अंदाजपत्रक मी काढतो. एकाच मॉनिटरवर कधी नकाशा, कधी हिशेबाचा तक्ता उघडायचा. मधला आकडा डोक्यात धरायचा. पांढुर्ण्याच्या एका घराचा १० बाय ८ मीटरचा स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा होता. मी १०० लिहिले. १० घनमीटरचे ८ झाले. घनमीटरला सुमारे ८ पोती धरली, तरी १६ पोती सिमेंट काकांच्या खिशातून गेले. ते रागावले नाहीत, हेच मला अधिक लागले.

मग मी दुसरा, जुना मॉनिटर आणला. आता डावीकडे नकाशा, उजवीकडे तक्ता. तरीही काका शेजारी बसून म्हणतात, "बेटा, आकडा मोठ्याने वाच." मी वाचतो.