गर्दी ओसरल्यावरची मुंबई

दरवर्षी सहा डिसेंबरला आम्ही मुंबईला जातो, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. यंदा नाताळच्या सुट्टीत मात्र आम्ही दोघेच पुन्हा गेलो. दादरला राजगृह निवांत पाहिले. ग्रंथांसाठी बाबासाहेबांनी बांधलेली ही वास्तू. १९३५ साली रमाईंचे निधन इथेच झाले. मग परळची बी.आय.टी. चाळ गाठली. इथल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत रमाईंनी वर्षानुवर्षे काटकसरीचा संसार केला. मंडळी बराच वेळ दाराकडे पाहत राहिली. म्हणाली, "अहो, तुमच्या मिटिंगांपायी आपलं असं निघणं कधी झालंच नाही." आम्ही निरुत्तर झालो. बंधूंनो, अभिवादनाला जाच. पण एकदा सहचारिणीला घेऊन ही चाळही पाहा. जयभीम!