नाकामागचे पाय

परीक्षकाच्या हातात प्लॅस्टिकचा एक तुकडा होता, 38 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई आतून कापलेला. त्याने तो आमच्या गाडीच्या नोजच्या खालच्या कडेवर ठेवला. तुकडा मधोमध टेकला आणि दोन्ही बाजूंनी उजेड दिसला. त्याने काही न बोलता कागदावर फुली मारली.

विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेत नियम स्पष्ट असतो: समोरून माणसाला लागू शकेल अशा बॉडीच्या प्रत्येक कडेला किमान 38 मिलिमीटरची गोलाई हवी. आमच्या नोजची कड 12 मिलिमीटरच्या आसपास होती. हा नियम मी वाचला होता. पुट्टी मारून, पॉलिश पेपर घासून शेवटी होईल तेवढं करू, असं मनाशी ठरवून पुढे गेलो होतो.

ते नोज मी कन्हानला बनवलं होतं. तारसा रोडवर वडिलांच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेटरची शेड होती, तिथे. आधी थर्माकोलचा साचा, त्यावर प्लास्टर, मग फायबरचे थर. मे महिना होता. नागपूरच्या उन्हात रेझिनमध्ये हार्डनर टाकलं की मगमधेच त्याचा दगड व्हायचा, म्हणून आम्ही पहाटे चारला उठून थर चढवायचो. इतक्या कष्टाने केलेली वस्तू आपली आपल्यालाच फार आवडायला लागते. ते टोक, ती धारदार कड यांवरून मी रात्री हात फिरवून बघायचो.

हा आकार माझ्या डोक्यात आला होता पोस्टरवरून. खोलीच्या भिंतीवर फॉर्म्युला वनमधली 2012 ची फोर्स इंडिया होती, कॉकपिटच्या पुढे नाकावर पायरी पडलेली. हे नाक उंच का झालं ते मी नंतर नीट वाचलं. 1990 साली हार्वी पोस्टलथ्वेट आणि जाँ-क्लोद मिजो यांनी टिरेल 019 या रेसगाडीचं नाक वर उचललं, म्हणजे हवा त्याच्या खालून गाडीच्या तळाशी मोकळी जाईल. तळाखालून हवा वेगाने गेली की दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटून राहते. पुढे सगळ्यांचीच नाकं उंच झाली. पण उंच नाक दुसऱ्या गाडीच्या कुशीत घुसलं तर थेट चालकाच्या डोक्याच्या पातळीला येतं. म्हणून 2012 मध्ये पुढच्या भागाची उंची 625 वरून 550 मिलिमीटरवर आणली गेली. मागचा भाग उंचच ठेवण्याची मुभा होती, त्यामुळे मधे पायरी पडली. 2014 मध्ये तर टोक आणखी खाली उतरवलं. म्हणजे मला देखणी वाटणारी ती पायरी मुळात सुरक्षेच्या नियमातून आली होती, आणि मी तिची नक्कल करताना माझ्या स्पर्धेचा सुरक्षेचा नियम बाजूला ठेवत होतो.

हवेचा हिशेबही चुकलाच होता. टोक जितकं अणकुचीदार तितकी हवा सहज कापली जाईल, असं मला वाटायचं. आमच्या गाड्या वळणावळणाच्या छोट्या ट्रॅकवर धावतात, सरासरी वेग ताशी 50 किलोमीटरच्या आसपास. या वेगाला गोल नाक हवेला अजिबात जड जात नाही. उलट गोल कडेवर हवा थोडी तिरपी आली तरी ती पृष्ठभागाला धरून राहते. धारदार कडेवर तिरपी हवा लगेच सुटते आणि मागे भोवरे होतात. मी कॉम्प्युटरवर अर्धीच गाडी तपासली होती, कारण दोन्ही बाजू सारख्या आणि लॅपटॉपची ताकद बेताची. पण अर्ध्या गाडीवर हवा फक्त सरळच येऊ शकते. गाडी जन्मभर वळणार आणि मी ती सरळ रेषेत तपासून समाधानी झालो. नंतर एकदा नोजवर लोकरीचे तुकडे चिकटवून गाडी पळवली, तेव्हा वळणात त्या कडेमागचे तुकडे वेडेवाकडे फडफडताना दिसले.

हवेच्या हिशेबातली चूक अज्ञानाची होती. पुढची तशी नव्हती.

नोजच्या आत, चालकाच्या पायांच्या पुढे, धक्का शोषणारा एक डबा असतो. आम्ही त्याला ॲटेन्युएटर म्हणायचो. त्याच्यामागे दीड मिलिमीटरचा पोलादी पत्रा आणि पत्र्यामागे पेडल, म्हणजे पाय. 300 किलोची गाडी सेकंदाला 7 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने भिंतीवर आदळली तर सरासरी झटका 20 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपटीच्या, वर जाता कामा नये, अशी अट. हीच धडक 300 किलो वजन अडीच मीटरवरून सोडलं की मिळते. आम्ही शेडमध्ये चेनपुलीने वजन चढवून चाचणी घेतली. पहिला डबा मी 3 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमचा, भक्कम वेल्डिंग करून केला होता. तो जेमतेम 6 सेंटिमीटर दबला. हिशेब केला तर झटका 41 जी.

वडील तेव्हा शेडमध्ये होते. भूमिगत कोळसा खाणीत त्यांची हयात गेली होती. डबा हातात घेऊन म्हणाले, ‘‘हा दबलाच नाही न, बाबू. मग सगळा मार मागच्याला.’’ खाणीत छताला लाकडी टेकू देतात तेव्हा तो मोडण्याआधी करकरतो, दबतो, माणसाला पळायला वेळ देतो, हे ते आम्हाला लहानपणी सांगायचे. ते मला तिथे, तो डबा बघताना कळलं. दुसरा डबा पातळ पत्र्याचा केला. तो 15 सेंटिमीटर दबला, झटका 17 जीच्या आत. मागचा पत्राही फारसा वाकला नाही. अहवाल पाठवला, मंजूर झाला.

मग त्याच मापाचा नवा डबा गाडीवर बसवला आणि नोज त्यावर चढेना. माझं निमुळतं, सुंदर नोज. डबा पूर्ण 20 सेंटिमीटर लांबीभर किमान 20 रुंद आणि 10 उंच हवा होता. रात्री बाकीचे जेवायला गेले असताना मी ग्राइंडर घेतला आणि डब्याचे पुढचे दोन्ही कोपरे दोन-दोन सेंटिमीटर उडवले. कड घासून गुळगुळीत केली. नोज बसलं. पुन्हा चाचणी घेतली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. तोच डबा लावून आमच्या चालकाने, माझ्या मित्राने, तीन आठवडे सराव केला, ताशी 70-80 च्या वेगाने.

स्पर्धेच्या ठिकाणी कड दुरुस्त करायला नोज काढावं लागलं, तेव्हा परीक्षकाने आत वाकून डब्यावर पट्टी लावली. समोरची रुंदी 16. त्याने विचारलं, चाचणी झालेला डबा हाच का? मी हो म्हणालो. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. मी परत हो म्हणालो. मग त्याने अहवालातला फोटो उघडून माझ्यापुढे धरला. मित्र शेजारीच उभा होता, हेल्मेट काखेत.

कड आम्ही रात्रभरात पुट्टीने भरून काढली. डबा मात्र पुन्हा बनवून, तपासून आणणं दोन दिवसांत शक्य नव्हतं. स्पर्धेत आमची गाडी एकदाही ट्रॅकवर उतरली नाही. मित्राचं ते शेवटचं वर्ष होतं. दोन वर्षं त्याने या गाडीपायी सुट्ट्या घरी काढल्या नव्हत्या. संध्याकाळी गाडी ट्रकवर चढवताना त्याने एवढंच विचारलं, ‘‘खरं सांग, सरावात माझे पाय त्याच डब्याच्या मागे होते न?’’ या वेळी मी खरं सांगितलं. परतीच्या रेल्वेप्रवासात तो माझ्याशी बोलला नाही, आणि मलाही कुठून सुरुवात करावी ते कळलं नाही.

आज मी गाड्यांच्या धडक-चाचण्यांचंच काम करतो. चाचणीनंतर कोणी भागाला हात लावला असेल, अगदी भोक मोठं केलं असेल, तरी मी तो नवा भाग धरतो. यावरून माझे सहकारी वैतागतात. वैतागू देत.

त्या वेळी स्पर्धेहून कन्हानला परतल्यावर आठवड्याने मित्र स्वतःहून शेडवर आला होता. कापलेला डबा खाली ठेवला, मागे तसाच दीड मिलिमीटरचा पत्रा लावला आणि 300 किलो वजन अडीच मीटरवर चढवलं. चेन सोडली. डबा सरळ दबण्याऐवजी एका अंगाला कलंडला आणि वजन तिरकं बसलं. पत्र्याला जास्तीत जास्त एक इंच वाकायची मुभा असते. आम्ही मोजलं, साडेचार सेंटिमीटरचा फुगा आला होता.

मित्राने पत्रा उचलून गाडीच्या चौकटीत पूर्वीच्याच जागी धरायला मला सांगितलं. मग तो गाडीत बसला, पाय लांब केले, पेडलवर ठेवले. फुगा त्याच्या उजव्या बुटाच्या टोकाला लागला.