ढवळ्यावरचं ओझं

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. चांगल्या वळणाचं पोर कुणाच्या तरी नादाला लागलं की ही म्हण हमखास निघते, आणि निघते ती तक्रार म्हणूनच. पण गेले काही दिवस ती माझ्या डोक्यात वेगळ्याच कारणानं घोळते आहे. पवळ्याचं काय झालं हे म्हण सांगते, ढवळ्याचं काय झालं हे सांगत नाही. एकाच खुंट्याला दोघं बांधले गेले, एकाला दुसऱ्याचा गुण लागला आणि गोष्ट संपली. मुलांना शाळेत न घालता घरीच, हातानं करत करत शिकवायचं ठरवलेल्या घरांमध्ये लहानमोठ्या भावंडांच्या एकत्र शिकण्याचं जे कौतुक होतं, तेही असंच पवळ्यापाशी येऊन थांबतं. धाकटा थोरल्याचं बघून शिकतो, न सांगता शिकतो, हसतखेळत शिकतो. हे सगळं खरं आहे. थोरल्याचं काय होतं, हा प्रश्न मात्र कुणी फारसा लावून धरत नाही.

आधी जे खरं आहे ते नीट मान्य केलं पाहिजे. एका सुपात चिंचोके घ्यावेत आणि तीन, सहा नि दहा वर्षांच्या मुलांसमोर ठेवावेत. तीन वर्षांचं मूल ते वाटीत भरेल, ओतेल, पुन्हा भरेल. सहा वर्षांचं दहादहाचे ढीग लावेल. दहा वर्षांचं मूठभर चिंचोके तराजूत टाकेल आणि सगळं सूप मोजायचं तर एकेक न मोजता कसं मोजता येईल, याचा विचार करू लागेल. वस्तू एकच असते, पण अभ्यास तिघांचे तीन असतात. पाठ्यपुस्तकाला इयत्ता असते, चिंचोक्याला नसते. हातानं करायच्या शिक्षणात वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र नांदू शकतात त्याचं मुख्य कारण हेच. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा आईबाप कामावर गेलेल्या एका गरीब वस्तीतली शाळेच्या वयाआधीची पोरं त्यांच्यापुढे होती. पुढे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एकत्र ठेवणं हा त्या पद्धतीचा पायाच झाला. इतकं लांब जायचीही गरज नाही. इथे पालघर जिल्ह्यातच, चिंचणीच्या बाजूला, दागिन्यांच्या डाय घडवण्याचा घरगुती धंदा आहे. तो हात पुस्तकातून येत नाही, जाणत्याच्या शेजारी बसूनच येतो. शेजार शिकवतो याबद्दल वाद नाही. शेजारी बसू देणाऱ्यावर त्याचा भार किती पडतो, एवढंच मला विचारायचं आहे.

त्यासाठी त्या बैलांकडे पुन्हा गेलं पाहिजे, कारण म्हणीनं अर्धीच सांगितलेली गोष्ट शेतकऱ्याला पुरी ठाऊक असते. नवा खोंड जुवाला लावायचा असला की त्याला दुसऱ्या नवख्याबरोबर जोडत नाहीत. शेजारी एखादा मुरलेला, शांत बैल देतात. सुरुवातीला नांगर नसतो, एखादा हलका ओंडका ओढायला लावतात. खोंड बिचकतो, आडवा जातो, मध्येच थांबतो. मुरलेला बैल चालत राहतो, आणि काही दिवसांनी खोंड त्याच्या चालीनं चालू लागतो. गुण लागतो तो असा. पण जुवाला आणखी एक मर्म आहे. ओढायचा दोर जुवाच्या अगदी मध्यावर असला की ओझं दोघांवर सारखं पडतं. दोर थोडा जाणत्या बैलाकडे सरकवला की त्याच्या वाट्याला जास्त ओझं येतं आणि खोंडाचं हलकं होतं. शिकणाऱ्याला सवलत मिळते, आणि ती शेजारच्याच्या मानेतून वजा होते. शहाणा शेतकरी हे जाणून करतो, आणि खोंड तयार झाला की दोर पुन्हा मध्यावर आणतो. घरोघरी भावंडांच्या जोडीत दोर असाच थोरल्याकडे सरकलेला असतो. तो सरकवला कुणी हे लक्षात राहत नाही, म्हणून मध्यावर परत आणायचंही राहून जातं. आणि ते थोरलं भावंड फार वेळा मुलगी असते.

ही गोष्ट पालघर जिल्ह्यात बसून लिहिताना कोसबाडला वळसा घालता येत नाही. बोईसरहून डहाणूकडे निघालं की वाणगाव, मग डहाणू रोड, त्यापुढे घोलवड. तिथून जवळ समुद्रकाठी बोर्डी आहे, आणि आतल्या अंगाला कोसबाडची टेकडी. तिथे काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या. १९२६ साली स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ त्या दोघांच्याच कामातून उभा राहिला. माँटेसरीची साधनं शहरातल्या बऱ्या घरांतल्या मुलांपुरतीच राहिली तर उपयोग काय, या विचारानं ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी लाकडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे, करवंट्या ही साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव आणि ही कल्पना तिथली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ती पुढे देशभर पोचली. ताराबाई १९७३ सालीच गेल्या होत्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, ते काम केलं.

बोर्डीनंतर काम कोसबाडला, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे जी अडचण आली ती मला आजच्या सगळ्या चर्चेपेक्षा खोल वाटते. शाळा होती, शिक्षक होते, शिकायच्या वयाची मुलंही होती. पण मुलगी शाळेत येईना, कारण कडेवर धाकटं भावंड होतं, आणि मुलगा येईना, कारण गुरं राखायची होती. आईबाप मजुरीला गेलेले. मुलांना शिकायची इच्छा नाही असा निष्कर्ष काढून मोकळं होणं तेव्हा अगदी सोपं होतं. या दोघींनी तो काढला नाही. गुरं सोडून मुलगा येत नाही, तर शिक्षकानंच कुरणावर जावं. गुरं चरतायत तोवर तिथेच दगड, पानं, काटक्या घेऊन गणित आणि गोष्टी. याला त्यांनी कुरणशाळा म्हटलं. कडेवरचं मूल सोडून मुलगी येत नाही, तर त्या मुलालाही शाळेत जागा द्यावी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी त्यातूनच घडली.

विकासवाडीचा दाखला लहानमोठ्या मुलांच्या एकत्र शिक्षणाच्या बाजूनं दिला जातो, आणि तो चुकीचा नाही. पण रचना बारकाईनं पाहिली की ती दोन्हीकडे बोट दाखवते. मुलं एका आवारात होती, एका मांडवात नव्हती. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. थोरलीला धाकटा दिसत होता, रडला तर ऐकू येत होता, पण तो तिच्या कडेवर नव्हता. वयं जवळ आणायची ती थोरलीनं धाकट्याला शिकवावं म्हणून नव्हे, तर तिचे हात तेवढा वेळ मोकळे व्हावेत म्हणून. आज घरीच शिकवणारे पालक एकत्र वयांचं कौतुक करतात तेव्हा नेमकं उलट घडण्याची भीती असते. आईला धाकट्याकडे बघायला सवड नाही, म्हणून थोरली त्याला अक्षरं गिरवून देते, आणि तिचा तो तास तिच्या अभ्यासात धरला जातो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही तुलनाच अन्यायाची आहे. वारली पाड्यावरची गरज आणि आजच्या सुशिक्षित घरानं स्वखुशीनं केलेली निवड यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. आक्षेपात तथ्य आहे. तिथे थोरलीनं भावंड सांभाळलं नाही तर चूल पेटत नव्हती, इथे तसं नाही. पण ओझं कमी असणं आणि ओझं मोजलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरिबाघरची मुलगी भावंड सांभाळते हे निदान दिसतं, तिला शाळेबाहेरचं मूल म्हणून कुठे तरी नोंदवलं तरी जातं. शिक्षणाच्या नावाखाली केलेलं सांभाळणं मात्र कुठेच दिसत नाही, कारण ते शिक्षणच समजलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त भक्कम आहे. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याहून जास्त मिळतं, असं शिक्षकी पेशातला कुणीही सांगेल. याला नुसत्या अनुभवाचा आधार नाही. नॉर्वेमध्ये लष्करभरतीच्या वेळी तरुणांच्या बुद्धिमापन चाचण्या होतात. त्या नोंदींवरून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थोरल्यांची सरासरी धाकट्यांपेक्षा दोन-तीन गुणांनी जास्त दिसली. त्यातही महत्त्वाचं हे की, ज्यांचं थोरलं भावंड बालपणीच वारलं होतं, असे दुसरे मुलगे थोरल्यांसारखेच ठरले. म्हणजे फरक जन्माच्या क्रमाचा नव्हता, घरात थोरलं म्हणून वावरण्याचा होता. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी असा फरक का पडावा याची एक उपपत्ती आधीच मांडली होती: धाकट्याला समजावून सांगावं लागतं, म्हणून थोरल्याची समज पक्की होते. हे मानलं तर माझा सगळा युक्तिवाद डळमळतो. दोर थोरल्याकडे सरकला खरा, पण त्या जादा ओझ्यानंच त्याची मान बळकट झाली, असं म्हणावं लागेल.

पण त्या नोंदी लष्करभरतीच्या आहेत, म्हणजे मुलग्यांच्या. धाकट्याला समजावून सांगणारा थोरला भाऊ आणि धाकट्याला कडेवर घेऊन, भरवून, निजवून मग समजावून सांगणारी थोरली बहीण यांचा दिवस सारखा नसतो. समजावून सांगण्यानं समज पक्की होत असेल, पण निजवण्यानं काय पक्कं होतं? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवती, बोईसरच्या चाळींत, आईबाप दोघंही पाळीला गेलेल्या घरांत आजही बारा वर्षांच्या मुली हेच करताना दिसतात. त्यांना जे येतं ते थोडंथोडकं नसतं. ताप कपाळाला हात लावून ओळखायचा, रडण्यातला भुकेचा सूर आणि झोपेचा सूर वेगळा करायचा, दोन पोळ्यांत तिघांचं भागवायचं. हे हातानंच शिकलेलं असतं, आणि ते शिक्षण नव्हे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फक्त तिनं ते निवडलेलं नसतं, आणि त्याच्या बदल्यात तिला दुसरं काही मिळत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरच्या दोन शिक्षकांच्या शाळांत चार इयत्ता एकत्र बसतातच, बहुवर्ग अध्यापन ही तिथली रोजची गरज आहे, आणि चांगला शिक्षक ते निभावतो. मग घरानं का निभावू नये? याचं उत्तर मला कोसबाडच्या रचनेतच दिसतं. थोरली मोकळी झाली, कारण पाळणाघरात दुसरी एक बाई होती. थोरल्याच्या अंगावरचं ओझं कुठे तरी जायला लागतं. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य ठरवलं, आणि घरीच शिकवणाऱ्यांना कायद्यानं काय म्हणायचं हा घोळ अजून पुरता मिटलेला नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी घरात ती दुसरी बाई कोण, हा प्रश्न उरतोच. बहुतेक घरांत ती आईच असते. ती नोकरी सोडते, किंवा सोडावी लागते. अंगणवाडीचा विस्तार झाला तसे देशभर कितीतरी थोरल्या मुलींचे हात मोकळे झाले असतील. त्या बदल्यात लाखो सेविका आणि मदतनीस उभ्या राहिल्या, ज्यांना आजही वेतन नाही, मानधन मिळतं. मुलीच्या कडेवरचं मूल खाली ठेवलं गेलं ते दुसऱ्या एका बाईच्या मांडीवर.

इथे येऊन माझाच युक्तिवाद मला पुरता पटेनासा होतो. सुरुवातीला वाटलं होतं की ढवळ्याचा हिशोब कुणी मांडत नाही, तेवढा मांडला की काम झालं. आता दिसतं की हिशोब मांडला तर तो थोरल्या मुलीपाशी थांबत नाही. तिच्याकडून आईकडे, आईकडून सेविकेकडे सरकत जातो, आणि दर ठिकाणी कुणा बाईच्याच नावावर लिहिला जातो. पलीकडून नॉर्वेचे आकडे सांगतात की थोरल्याकडून धाकट्याला अजिबात काढून घेतलं तर थोरल्याचंही काही हिरावलं जाईल. किती ओझ्यानं मान बळकट होते आणि किती ओझ्यानं ती झुकते, ही रेघ कुणा आईला चिंचोक्यांच्या सुपाशेजारी बसून ओढता येईल का, मला सांगता येत नाही. कोसबाडच्या त्या आवारात धाकटा थोरलीच्या नजरेसमोर होता आणि कडेवर नव्हता, हे अंतर अगदी बरोबर होतं असं मला वाटतं. पण त्या अंतरात ती मुलगी वर्गात लक्ष देऊन बसत होती, की अर्धं मन पाळणाघराकडे ठेवून बसत होती, आणि ते अर्धं मन तिचं नुकसान होतं की तिची शिदोरी होती, याबद्दल मी आधीपेक्षा कमी ठाम आहे.