थाळनेरचा थांबा

नात्यात मयत झाली होती म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रविवारी पुरसा द्यायला चोपड्याला गेलो. गाडीत मी आणि अब्बा, दोघंच. मला एक विषय काढायचा होता. पुण्यात मी फ्लॅट घेतलाय, अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली, अब्बा जळगावात एकटे राहतात. त्यांनी आता आमच्याकडे यावं. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली, धानोरा गेलं, अडावद गेलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा; पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हटलं, परतताना बोलू.

परत निघालो तर अब्बा म्हणाले, "गाडी शिरपूरच्या रस्त्याला घे."

"तिकडे कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. थाळनेर बघू."

अब्बांनी आयुष्यभर एसटी चालवली. काही वर्षं त्यांच्याकडे या बाजूची फेरी होती. गाडी थाळनेरला दोन मिनिटं थांबायची. "रोज वाटायचं, एकदा उतरून घुमट बघावेत. पण कंडक्टर बेल मारायचा," ते म्हणाले. मीही वेरूळ पाहिलं, दौलताबाद पाहिलं, मुलांना आग्र्याला नेलं. घरापासून दोन-अडीच तासांवरचं थाळनेर मात्र राहून गेलं होतं.

गावात एका ओट्यावर म्हातारी बसली होती. तिनं कुठून आलात म्हणून विचारलं. अब्बा लगेच अहिराणीत म्हणाले, "आम्ही जयगावना." तिनं हातानंच वाट दाखवली.

खानदेशच्या फारुकी सुलतानांचे हे मकबरे. फिरोजशहा तुघलकानं 1370 साली थाळनेर आणि करवंद हा मुलूख मलिक राजाला दिला, आणि पुढे तो स्वतंत्र झाला. आपला वंश हजरत उमर फारूक यांच्यापर्यंत जातो असं हे घराणं सांगे, म्हणून फारुकी. 1601 मध्ये अकबरानं अशीरगड घेतला तोवर, दोनशेहून जास्त वर्षं, खानदेश त्यांच्याकडे होता. खानांचा देश तो खानदेश, असं बरेच जण मानतात. काहींच्या मते मूळ नाव कान्हदेश. एवढं राज्य करून गेलेल्या लोकांच्या या दगडी, घुमटाच्या इमारती. त्यातली एक अष्टकोनी, बाहेरून नक्षीनं भरलेली. आम्ही गेलो तेव्हा तिथं दुसरं कुणी नव्हतं. अब्बांनी चपला काढल्या, सलाम केला, फातेहा पढली.

मग तापीकाठी किल्ल्याकडे गेलो. थोडी तटबंदी, एक-दोन बुरूज, बाकी माती. होळकरांनी जानेवारी 1818 च्या तहात खानदेश इंग्रजांना देऊन टाकला, पण थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा आणि त्याचे अरब शिपाई किल्ला सोडेनात. फेब्रुवारीत हिस्लॉपची फौज आली. दरवाजात चकमक होऊन इंग्रज अधिकारी मारले गेले, तेव्हा आतल्या शिपायांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिली. मी हे अब्बांना सांगितलं. "ते अरब कुठे दफन केले?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. अब्बांनी नदीकडे तोंड करून त्यांच्यासाठी आणि पुरशाच्या घरच्या मरहूमसाठीही दुआ मागितली.

असरची वेळ झाली होती. गावात नमाज पढून गाडीत बसलो. मी बोलता बोलता म्हणालो, "मलिक राजाचा मुलगा नासिर. त्यानं अशीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं. कारभार तिकडे गेला, तरी तो इथेच दफन आहे. त्याचा मुलगा, नातूही इथेच."

"बापाजवळ आणलं म्हणजे."

"हो."

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या फ्लॅटचं बोल आता. सकाळपासून तोंडात धरून बसलायस."

मी सगळं सांगितलं. लिफ्ट आहे, मशीद जवळ आहे, नातवंडं आहेत, दवाखाना आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"राजांचं ठीक होतं. मी पुण्यात गेलो तर तू मला जळगावला आणशील?"

मी काही बोललो नाही. मयतीला लांब नेऊ नये, जिथे इंतकाल झाला तिथेच लवकर दफन करावं, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. पुणे ते जळगाव म्हणजे अख्खी रात्र.

"आणूही नकोस," ते म्हणाले. "मला ते पटणार नाही. म्हणून जिवंतपणीच इथे राहतो. तुझ्या अम्मीच्या रांगेत अजून जागा आहे. ईदला येईन, आठ दिवस राहीन."

"आणि रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"तर शेजारी आहेत. तू सकाळपर्यंत पोहोचशीलच."

यावर काय बोलायचं? मला ते पटलेलं नाही, आजही नाही. रोज रात्री दहाला फोन करतो. त्यांनी एक रिंग चुकवली तरी पोटात खड्डा पडतो.

अंधार पडला होता. चोपडा मागे टाकलं, तेव्हा समोरून उजेड आला.

"डीपर दे," अब्बा म्हणाले. "एसटी आहे."