छापील

मराठीत ‘छापील’ हे विशेषण सहसा कौतुकाने येत नाही. छापील उत्तर म्हणजे मनापासून न दिलेले उत्तर. छापाचे गणपती म्हणजे सारखीच दिसणारी माणसे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली स्थापन झालेल्या ललितकला शाखेत आम्ही मुद्राचित्रण शिकू लागलो, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्नही याच वळणाचा होता : ‘चित्रे काढायला शिकायचे, की छापायला?’

उत्तर सुचत नव्हते. काम मात्र सुरू झाले. जस्ताच्या पत्र्यावर मेण आणि डांबर यांचा पातळ लेप चढवायचा, सुईने रेषा उघडी करायची आणि पत्रा सौम्य नायट्रिक आम्लात सोडायचा. रेषेवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच झाडायचे. जितका वेळ अधिक, तितकी रेषा खोल. आणि खोल रेषाच गडद उमटते. येथे काळोखाचे माप घड्याळावर असते. मग खाचांत शाई भरून वरची जाळीदार कापडाने पुसायची, ओलसर कागद पसरायचा, त्यावर नमदा घालून दाबयंत्राचे चाक फिरवायचे. कागद उचलावा तो डावे उजवीकडे गेलेले! आपलेच चित्र परक्याच्या चित्रासारखे समोर येते आणि त्यातले दोष निमूटपणे दिसू लागतात. पुसणारा हात दर वेळी निराळा पडतो. म्हणून एकाच पत्र्याच्या दोन प्रतीही जुळ्या बहिणींइतक्याच सारख्या असतात.

शिळाछापात तर खाचही नाही. आलॉइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधलेल्या या पद्धतीचे मर्म तेल आणि पाणी यांच्या वैरात आहे. तेलकट खडूची रेघ शाई धरते, ओला दगड ती नाकारतो. याच पद्धतीने राजा रविवर्मांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. त्यांची कित्येक मूळ तैलचित्रे बडोद्याच्या राजसंग्रहात राहिली. पण १८९४ साली मुंबईत त्यांनी काढलेल्या छापखान्यातील तसबिरींना राजवाड्याची अट नव्हती.

आमच्या वर्गाची शिस्त याच्या उलट होती. ठरलेल्या प्रती निघाल्या की प्रत्येकीखाली पेन्सिलीने ३/२० असा क्रमांक घालायचा आणि पत्र्यावर आडवा ओरखडा ओढून तो कायमचा बाद करायचा. आमच्या पहिल्या पत्र्यापाशी हात थबकला. २० प्रतींनी तो झिजला नव्हता. अनेकांकरिता जे जन्माला आले, त्याला दुर्मिळ करण्याचा हा अट्टहास कशासाठी? घरच्या देव्हाऱ्यातील लक्ष्मीला कोणताच क्रमांक नव्हता. आजीने तिच्या काचेवर वर्षानुवर्षे हळदकुंकू लावले, आणि हजारो प्रतींतली ती एक प्रत त्या घरापुरती एकमेव झाली.

प्रत विकायची असेल, तर क्रमांक हा घेणाऱ्याला दिलेला शब्द आहे आणि तो आम्ही पाळतो. परंतु दर वर्षी एक पत्रा आम्ही क्रमांकाविना ठेवतो. मागेल त्याला त्याची प्रत मिळते. तिचा मोबदला घेत नाही, ती कोणत्या भिंतीवर गेली हेही विचारीत नाही.