वैनगंगेवरची ‘फ्रेश’ हवा

आठवडाभर एसीत बसून कंटाळलेल्या नागपूरकरांचा हॉट वीकएण्ड स्पॉट म्हणजे आंभोरा! वैनगंगेवरचा केबल-स्टेड पूल 2024मध्ये सुरू झाला आणि पलीकडचा भंडारा जिल्हा एकदम जवळ आला. पुलाच्या मनोऱ्यात गॅलरी, खाली गोसीखुर्द धरणाचं पसरलेलं पाणी, काठावर चैतन्येश्वराचं मंदिर. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथेच रचला, असं मानतात. फोटो तर मस्टच! आणि पुलावर उभं राहिलं की प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, “वा, काय फ्रेश हवा आहे!”

मीही तिथे उभी राहून भरपूर वारा खाल्ला. पण खालच्या पाण्याकडे बघताना एक गोष्ट विसरता येत नाही. आपलं शहर आपल्या आधीच इथे पोचलेलं असतं. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. हे सगळं पाणी पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दच्या भिंतीशी अडतं. 1988मध्ये राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं, ते शेतीच्या पाण्यासाठी. त्यात आज आपले फ्लशही जमा होतात.

आता या फ्लशमध्ये अँटिबायोटिक्सही असतात बरं का! अमॉक्सिसिलिनच्या गोळीतलं निम्म्याहून जास्त औषध जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. त्याच्यासोबत त्या गोळीलाही न जुमानणारे आपल्या पोटातले बॅक्टेरिया जातात. हे बॅक्टेरिया मोठे सोशल! औषधाला दाद न देण्याची युक्ती ज्या जीनमध्ये असते, तो जीन ते शेजाऱ्यालाही देतात, आपण ऑफिसात मेल फॉरवर्ड करतो ना, तस्सं.

मग ते हवेत कसे येतात? पाण्यावरचा बुडबुडा फुटला, की बारीक तुषार उडतात आणि त्यांच्यासोबत बॅक्टेरियाही. वाळलेल्या काठाची धूळ वाऱ्यावर चढते, तीही रिकाम्या हाताने नाही. शहरातल्या बागेत माती, पाचोळा, कुत्रे, कबुतरं आणि शेजारचा नाला हेच काम करतात. 2018मध्ये बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी जगातल्या 19 शहरांमधल्या गाड्यांचे एसी फिल्टर जमवून त्यातली धूळ तपासली. औषधांना दाद न देणाऱ्या 30 प्रकारच्या जीन्सचा त्यात शोध घेतला. व्हँकोमायसिन हे हॉस्पिटलात अगदी गंभीर इन्फेक्शनसाठी राखून ठेवलेलं औषध. त्याला हरवणारे जीन्सही 6 शहरांच्या हवेत निघाले.

म्हणजे आता बागेत जायचंच नाही? छे! धुळीत जीन सापडला म्हणजे जिवंत जंतू सापडला, असं नाही. उघड्यावर ऊन आणि कोरडेपणा कित्येक बॅक्टेरियांना मारून टाकतात. निरोगी माणसाच्या नाकातोंडातून ते रोज जात-येत असतात, काही होत नाही. खरा प्रश्न येतो तो आजारपणात. उद्या न्यूमोनिया झाला किंवा ऑपरेशनची जखम चिघळली आणि गोळी चाललीच नाही तर? 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12.7 लाख माणसं अशा हट्टी जंतूंमुळे गेली. त्यामुळे हवा ‘फ्रेश’ ठेवायची सुरुवात पुलावर नाही, मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर होते.

निघण्याआधी एवढं कराच

* सर्दी झाली की अँटिबायोटिक मागू नका. सर्दी व्हायरसची असते, त्यावर ती चालतच नाहीत.
* स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. 2016पासून सरकार हेच सांगतंय.
* डॉक्टरांनी दिलेला कोर्स मनानेच अर्धवट सोडू नका. उरलेल्या गोळ्या रूममेटला देऊ नका, फ्लशमध्येही टाकू नका. तिथून त्या थेट वैनगंगेच्या वाटेला लागतात!
* हातापायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. पुलावरचा वारा मात्र मनसोक्त खा!